हुकमातून जन्मलेली इंग्रजी क्रियापदे

नागपूरजवळच्या कामठीची छावणी 1821 सालची. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातली सीताबर्डीची लढाई होऊन चार वर्षे झाली होती. कन्हानच्या काठी गोऱ्या सोल्जरांची वस्ती उभी राहिली आणि मराठी, हिंदुस्थानी, मद्रासी पलटणींच्या भाषा व इंग्रजी एकमेकींच्या कानावर पडू लागल्या.

देशभरातल्या अशा छावण्यांतून इंग्रजीला काही क्रियापदे मिळाली. आज ती कोणी बोलत नाही. यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात मात्र ती जपलेली आहेत. ‘टु पकरौ’ म्हणजे धरणे, बहुधा न ऐकणाऱ्या देशी माणसाला. कोशाच्या मते ही खास गोऱ्या शिपायाची बोली. बनाओ, लगाओ, फुसलाओ यांचीही अशीच इंग्रजी क्रियापदे झाली. सगळ्यांच्या मूळ रूपाच्या शेवटी ‘ओ’ आहे, कारण साहेबाने आपली भाषा उचलली ती आज्ञार्थात. हुकूम सोडायला तेवढे रूप पुरत होते.

यातली दोन मला फार बोलकी वाटतात. ‘घबराना’ म्हणजे मुख्यतः स्वतः घाबरणे. त्यावरून आलेल्या ‘गब्राउ’चा इंग्रजी अर्थ झाला दुसऱ्याला घाबरवणे. ‘डंबकाउ’ ऐकून आपल्याला ‘धमकाओ’ आठवते, पण कोश त्याचे मूळ ‘दम खाना’त, म्हणजे गप्प राहण्यात, दाखवतो. (मराठीत ‘जरा दम खा’ म्हणताना आपण धीर धरायला सांगतो.) इंग्रजीत त्याचे झाले दुसऱ्याला दटावून गप्प बसवणे; मुका या अर्थाचा ‘डंब’ आणि वचक बसवणे या अर्थाचा ‘काउ’ हे इंग्रजी शब्द मदतीला आलेच. दोन्हीकडे सोसणारा कर्त्याच्या जागेवरून बाजूला झाला आणि करवणारा कर्ता बनला. राज्य कोणाचे होते, हे इथे व्याकरणच सांगते.

नागपुरी मराठीनेही हिंदीकडून घेतले आहे. ‘तो काय करून राहिला?’ या वाक्याचा साचा हिंदीच्या शेजाराचा. पण तो रोजच्या बोलण्याचा साचा आहे, म्हणून टिकला. ‘पकरौ’ला हुकूम सोडणारा आणि झेलणारा दोघेही लागत; राज्य गेले, क्रियापदही गेले.

‘लूट’ मात्र इंग्रजीत जगली. ज्या फौजांनी हा शब्द इथे उचलला, त्या इतर मुलुखांतही गेल्या. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला. तिथून आणून व्हिक्टोरिया राणीला भेट दिलेल्या कुत्रीचे नाव ‘लूटी’ ठेवण्यात आले होते.