मोठे जहाज की छोटे?

धंद्यातून आठ दिवसांची फुरसत मिळाली की आजकाल आपल्यातली काही मंडळी क्रूझची चौकशी करतात. आम्ही त्यांना एवढेच सांगतो, भाडे नंतर पाहा. आधी ठरवा, जहाज पाहायचे आहे की बंदर?

जानेवारी २०२४ मध्ये मियामीहून पहिल्या सफरीवर निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या. वीस मजले आणि ७,६०० पर्यंत प्रवासी, म्हणजे भरलेला बाजारच! मुलाबाळांची चंगळ होते, हेलकावेही कमी लागतात. पण असे धूड प्रत्येक बंदरात शिरत नाही. व्हेनिसच्या ऐन मधल्या कालव्यातून २५ हजार टनांवरील जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून मनाई आहे. अंटार्क्टिकात तर पाचशेहून जास्त प्रवासी असतील, तर एकालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत.

आता हिशोब. मोठ्या जहाजाचे तिकीट स्वस्त दिसते; इंटरनेट, बक्षिसी, बंदरावरची सहल यांचे बिल मागाहून येते. छोट्या, महागड्या जहाजांच्या भाड्यात पुष्कळदा सारे धरलेले असते. त्यात दारूही! जी आपण पिणार नाही, तिचे पैसे का मोजायचे? एजंटाला हे आधीच विचारा, आणि हलाल जेवणाचे लेखी घ्या. तोंडी वायद्यावर आपण कापडाचे एक थानसुद्धा उचलत नाही.

म्हातारे आईवडील बरोबर असतील, तर आम्ही मोठेच जहाज घेऊ, खोली मात्र खालच्या मजल्यावर, मधोमध. तिथे जहाज कमी डोलते.