एक अर्ज, अनेक गावं

सिएटलच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन नावाचं लांबट तळं आहे. त्यावरच्या तरंगत्या पुलांवरून पलीकडे उतरलं की बेलव्ह्यू, कर्कलंड, रेडमंड ही गावं एकाला एक चिकटून लागतात. या पट्ट्याला तिकडे ईस्टसाइड म्हणतात. 1986मध्ये मायक्रोसॉफ्टने रेडमंडला मुक्काम हलवला आणि पुढच्या काळात पुण्या-मुंबईपासून सांगली-नाशिकपर्यंतच्या कितीतरी घरांत ही नावं मुलाच्या नाहीतर लेकीच्या पत्त्यातली म्हणून तोंडपाठ झाली. बेलव्ह्यूतल्या निम्म्या कुटुंबांचं वार्षिक उत्पन्न सुमारे दीड लाख डॉलर किंवा त्याहून जास्त आहे. अशा गावाच्या नगरपालिकेने फूड बँक, रात्रनिवारा, घरात मार खाणाऱ्या बाईला आसरा, भाडं थकलेल्याला मदत यांसाठी अंदाजपत्रकात पैसे का काढून ठेवावेत, असा प्रश्न मुलांनी पाठवलेले फोटो पाहणाऱ्याला पडणं साहजिक आहे.

उत्तराचा अर्धा भाग त्या दीड लाखांतच दडलेला आहे. उरलेली निम्मी कुटुंबं त्या आकड्याच्या खाली राहतात, पण घरभाडं ठरतं ते वरच्या निम्म्यांच्या पगारावर. 2024मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी अमेरिकेची सरकारी दारिद्र्यरेषा वर्षाला 31,200 डॉलर होती. ईस्टसाइडला याच्या दुप्पट कमावणारं कुटुंबही भाड्याखाली दबतं आणि तरी वॉशिंग्टन डी.सी.च्या लेखी ते गरीब नसतं. ही गोष्ट एकट्या बेलव्ह्यूची नाही. ब्रूकिंग्ज संस्थेच्या एलिझाबेथ नीबोन आणि अ‍ॅलन बेरुबे यांनी 2013मध्ये दाखवून दिलं की 2000 ते 2011 या काळात अमेरिकी उपनगरांतल्या गरिबांची संख्या 64 टक्क्यांनी वाढली, म्हणजे मोठ्या शहरांतल्या वाढीच्या दुपटीहून अधिक. गरिबी शहराच्या मध्यभागातून सरकून उपनगरांत आली. मदतीच्या संस्था, दवाखाने, बसचे मार्ग मात्र बऱ्याच प्रमाणात मध्यभागीच राहिले.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मराठी घरांना जवळून लागू पडतो. 2015पर्यंत एच-4 व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरीची परवानगीच नव्हती, आणि आजही ती सरसकट मिळत नाही. ज्या बाईचं बँक खातं, गाडी आणि देशात राहण्याचा हक्क हे सगळं नवऱ्याच्या नावाला टांगलेलं आहे, तिला घरात त्रास झाला तर ती जाणार कुठे? सिएटल परिसरातल्या दक्षिण आशियाई बायकांनी 1996मध्ये ‘छाया’ ही संस्था उभारली ती अशाच बायकांसाठी. आज ती ‘एपीआय छाया’ म्हणून काम करते. ग्रीन कार्डावर मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांची अडचण वेगळी. 1996च्या केंद्रीय कायद्याने नव्या स्थलांतरितांना पहिली पाच वर्षं मेडिकेडसारख्या (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) बहुतेक योजनांचं दार बंद केलं. शहराच्या सर्वसाधारण निधीतला डॉलर या अटीने बांधलेला नसतो. रक्कम लहान असली तरी ती मोकळी असते, हे तिचं पहिलं मोल.

इथे एक घोळ आधीच निस्तरलेला बरा. आपल्याकडे महानगरपालिका म्हटलं की शाळा आणि रुग्णालयं स्वतः चालवणारी संस्था डोळ्यांपुढे येते. मुंबई महानगरपालिका तर केईएम, नायर, शीव अशी मोठमोठी रुग्णालयं चालवते. ईस्टसाइडचं शहर यातलं जवळपास काहीच करत नाही. शाळा स्वतंत्र शाळा-मंडळाच्या, आणि त्या मंडळांच्या हद्दी शहरांच्या हद्दीशी जुळतातच असं नाही: कर्कलंड आणि रेडमंड दोन्हींची मुलं लेक वॉशिंग्टन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये जातात. कर्कलंडचं एव्हरग्रीनहेल्थ हे रुग्णालय वेगळ्या रुग्णालय-मंडळाचं. बस काउंटीची, रेल्वे आणखी एका प्रादेशिक संस्थेची, सार्वजनिक आरोग्य काउंटीकडे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. ही गावं किंग काउंटीत येतात; 2020च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 22 लाख 69 हजार होती आणि तीत 39 शहरं मोडतात. तिकडे ज्याला ‘ह्यूमन सर्व्हिसेस’ म्हणतात त्याला आपण समाजकल्याण म्हणू, पण या शहरांत ‘समाजकल्याण खातं’ शोधायला गेलात तर मूठभर कर्मचारी भेटतील. ते अन्न वाटत नाहीत, निवारा चालवत नाहीत. स्वयंसेवी संस्थांशी करार करणं आणि झालेल्या कामाचे पैसे चुकते करणं, एवढंच त्यांच्याकडे असतं. 1971पासून या भागात काम करणाऱ्या ‘होपलिंक’सारख्या संस्था प्रत्यक्ष सेवा देतात.

पैसा येतो कुठून, हे कळलं की शहराचे हात किती आखूड आहेत तेही कळतं. वॉशिंग्टन राज्यात पगारावर आयकर नाही. शहरं जगतात मालमत्ता कर, विक्रीकर आणि किरकोळ करांवर. त्यातही 2001च्या एका जनमत कौलातून मालमत्ता कराच्या एकूण वसुलीवर वर्षाला 1 टक्का वाढीची मर्यादा आली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007मध्ये तो कायदा रद्द केला आणि विधिमंडळाने त्याच वर्षी घाईघाईने तीच मर्यादा पुन्हा आणली. नवी बांधकामं सोडली तर शहराला त्याहून जास्त हवं असल्यास मतदारांपुढे जावं लागतं. भाडं, मजुरी आणि धान्य यांना ही 1 टक्क्याची मर्यादा माहीत नाही. केंद्राचं सामुदायिक विकास अनुदान 1974पासून आहे आणि साधारण 50 हजारांवरच्या शहरांना ते थेट मिळू शकतं, पण त्याचा जेमतेम 15 टक्क्यांपर्यंतचा भाग सेवांवर खर्च करता येतो; बाकी घरदुरुस्ती, पदपथ असल्या विटा-सिमेंटच्या कामांवर. मोठा पैसा काउंटीकडे असतो. 2015चा बालकांसाठीचा कर, 2017चा माजी सैनिक, ज्येष्ठ आणि समाजसेवांसाठीचा कर, 2023मध्ये मतदारांनी मंजूर केलेला आणि नऊ वर्षांत सुमारे सव्वा अब्ज डॉलर उभे करणारा मानसिक संकट-केंद्रांचा कर, हे सगळे काउंटीचे. या रकमांपुढे एका उपनगराचा निधी म्हणजे चिल्लर.

मग या चिल्लरीचा उपयोग काय? माझ्या मते तिचं बळ रकमेपेक्षा ती जोडली जाण्यात आहे. एकेकाळी एकाच संस्थेने कर्कलंडला वेगळा अर्ज करायचा, रेडमंडला वेगळा, इसाक्वाला वेगळा. प्रत्येकाचे रकाने निराळे, मुदती निराळ्या. आज किंग काउंटीतली पंधराच्या आसपास उपनगरं मिळून एकच ऑनलाइन अर्ज मागवतात. सम वर्षाच्या वसंतात अर्ज, त्यानंतरच्या जानेवारीपासून दोन वर्षांचा करार. संस्था एकदाच लिहिते आणि कोणत्या शहराकडून किती हवं ते नोंदवते. ईस्टसाइडला तर काही शहरं आपले पैसे एकत्र करून एकाच शहराच्या हाती कराराचं काम देतात, म्हणजे पाच शहरांचे पाच हिशेब लिहिण्याऐवजी संस्था एक हिशेब लिहिते. बेलव्ह्यू दर दोन वर्षांनी गरजांचा लेखाजोखा छापतं, आणि सात नागरिकांचा आयोग अर्ज वाचून नगरपरिषदेला शिफारस करतो. कारकुनी वाचली तर त्यात विशेष ते काय, असं वाटेल. पण अशा संस्थांत हिशेब लिहिणारा माणूस बहुतेकदा तोच असतो जो एरवी लोकांना भेटत असतो. त्याचा वाचलेला प्रत्येक दिवस ही प्रत्यक्ष सेवेतली वाढ आहे, आणि तिच्यासाठी कर वाढवावा लागला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं काउंटीचं नाहीतर राज्याचं काम आहे, शहराने त्यात हात घालू नये. कागदावर तो बरोबर आहे. पण काउंटीचा पैसा 39 शहरांत जिथे आकडा मोठा तिकडे ओढला जातो, आणि सिएटल व दक्षिणेकडच्या गावांपुढे बेलव्ह्यूचा आकडा कायमच लहान दिसणार. आपल्या गावात दहातले चार लोक परदेशात जन्मलेले आहेत आणि त्यांना रशियन, चिनी, स्पॅनिश, हिंदीत समजावणारं कोणी हवं, हे गावालाच आधी कळतं. क्रॉसरोड्स मॉलमध्ये बेलव्ह्यूने छोटं नगरकार्यालय थाटलं ते म्हणूनच. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: काउंटी किंवा एखादा धर्मादाय न्यास पैसे देण्याआधी ‘तुमच्या गावाने किती दिले?’ असं विचारतो. तिथे शून्य सांगून चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोलका आणि नगरपरिषदेच्या प्रत्येक तापलेल्या सभेत ऐकू येणारा: सोयी केल्या की बाहेरचे लोक गोळा होतात. किंग काउंटीत बेघरांच्या गणनेसोबत झालेल्या सर्वेक्षणांत मोठ्या बहुसंख्येने लोकांनी आपलं शेवटचं स्थिर घर याच काउंटीत होतं असं सांगितलं. वॉशिंग्टन विद्यापीठातले ग्रेग कोलबर्न आणि त्यांचे सहलेखक क्लेटन पेज अ‍ॅल्डर्न यांनी 2022च्या पुस्तकात अमेरिकेतल्या शहरांची तुलना करून दाखवलं की बेघरांचं प्रमाण व्यसन, हवामान किंवा सढळ सोयी यांच्यापेक्षा घरभाड्याशी आणि रिकाम्या घरांच्या टंचाईशी कितीतरी जास्त जुळतं. पण या आक्षेपाला आकड्यांनी पूर्ण उत्तर मिळत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. काउंटीच्या आतल्या आत माणसं हलतातच. शेजारच्या गावात निवारा नसेल तर तिथला माणूस इथे येणार. म्हणून या भीतीवर उपाय सोयी बंद करण्याचा नसून शेजाऱ्याने आपला वाटा उचलण्याचा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पाच-दहा हजार डॉलरचे तुकडे डझनावारी संस्थांना वाटणं म्हणजे सगळ्यांना खूश ठेवणं; त्यापेक्षा चार संस्था निवडून त्यांना भक्कम पैसे द्या. मोठ्या शहराला हे जमेल. उपनगराची मात्र गंमत अशी की त्याच्या गरजा संख्येने लहान आणि प्रकाराने पुष्कळ असतात: थोड्या बायकांना आसरा, थोड्या वृद्धांना दुभाषी, थोड्या तरुणांना समुपदेशन. चारच संस्था निवडल्या तर भाषेने आणि रीतीने वेगळे असलेले गटच आधी गळतात, कारण त्यांच्या संस्था लहान असतात. तुकड्यांचा तोटा खरा आहे, पण तुकडे एकत्र जोडले की तो बराच भरून निघतो. एकेका शहराचे सात हजार करारात मिळाले की पाच शहरांचे पस्तीस हजार होतात, आणि एका माणसाचा अर्धवेळ पगार उभा राहू शकतो.

इथवर सगळं जुळतं. अर्ज, हिशेब, बैठका यांत शहरं बऱ्यापैकी एकत्र येतात. खरी कसोटी जमिनीची. 1992मध्ये बेलव्ह्यू, कर्कलंड, रेडमंड आणि काउंटीने मिळून परवडणाऱ्या घरांसाठी ‘आर्च’ ही संयुक्त संस्था काढली. आज तीत ईस्टसाइडची बहुतेक शहरं आहेत आणि ती सर्वांच्या पैशांतून कोणत्याही एका शहरातलं घर उभं करू शकते. बेघरांच्या निवाऱ्यांची तर तिन्ही शहरांनी वाटणीच केली: पुरुषांचा बेलव्ह्यूत, बायका आणि कुटुंबांचा कर्कलंडला, तरुणांचा रेडमंडला. एकाच गावावर भार पडला अशी तक्रार कोणी करू नये, हा त्यातला शहाणपणा. तरी बेलव्ह्यूच्या ईस्टगेटमधल्या पुरुषांच्या निवाऱ्याला शेजाऱ्यांच्या विरोधातून वाट काढत 2023पर्यंत थांबावं लागलं. कर्कलंडचा 2020मध्येच सुरू झाला होता. मुलं-बाळं म्हटलं की मन वळतं आणि एकटा पुरुष म्हटलं की दार लागतं, हे तिथेही तसंच.

पैशाच्या बाबतीतही जोड कुठे तुटते ते 2020मध्ये दिसलं. राज्याने घरांसाठी विक्रीकरात 0.1 टक्का भर घालण्याची मुभा दिली. शहराने आधी घातली तर पैसा शहराकडे, नाहीतर काउंटीकडे. बेलव्ह्यू, इसाक्वा, केंट, रेंटन अशा शहरांनी काउंटीच्या आधी उडी मारली. त्यांना दोष देता येत नाही, कारण त्या पैशातून घरं त्यांच्याच हद्दीत होणार होती. पण एकत्र अर्ज मागवणारी तीच शहरं कराच्या वेळी मात्र आपापली पिशवी घट्ट धरून बसली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जानेवारी 2024मध्ये तळ्याच्या उत्तर टोकाच्या केनमोर शहराच्या परिषदेने, दीर्घकाळ बेघर असलेल्यांसाठीची सुमारे 100 घरांची प्लीमथ हाउसिंग या संस्थेची इमारत नाकारली. प्रकल्प नवखा नव्हता. त्यामागे ‘आर्च’सह अनेकांचा पैसा उभा राहिला होता. फेब्रुवारीत रेडमंडने तीच इमारत आपल्याकडे घेतली, तीही गावाच्या मध्यवर्ती भागात, आणि तिथल्या विरोधाला तोंड दिलं. पैसा सामायिक असल्यामुळे तो एका गावातून दुसऱ्या गावात हलू शकला, हे या पद्धतीचं यश. रेडमंडने नाही म्हटलं असतं तर पुढे काय, याचं उत्तर मात्र कोणत्याच करारात लिहिलेलं नव्हतं. 2021च्या राज्य कायद्याने यावर बोट ठेवलं आहे. जिथे हॉटेलला परवानगी आहे तिथे शहराला निवाऱ्यांवर बंदी घालता येत नाही, आणि प्रत्येक शहराला प्रत्येक उत्पन्नगटाच्या घरांचं नियोजन करावं लागतं. त्यानुसार किंग काउंटीने 2044पर्यंतची गरज शहरांना वाटून दिली. बेलव्ह्यूच्या वाट्याला 35 हजार घरं आली, आणि त्यात सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांचा हिस्साही नेमून दिलेला आहे. वाटणीच्या त्या तक्त्यासोबत पैसा मात्र आलेला नाही. तो प्रत्येक शहराला आपापल्या 1 टक्क्यातून, जिथे शहराने तो घेतला तिथे विक्रीकराच्या त्या 0.1 टक्क्यातून आणि पुढच्या सम वर्षी येणाऱ्या सामायिक अर्जांतून जुळवायचा आहे.