कुलूप लावले, पण किल्ली कोणाच्या हाती?

असे समजा की वडिलांनी तुमच्याजवळ एक लिफाफा दिला. आत महत्त्वाचे कागद, वर लाखेची मोहर. "बँकेत जा आणि मॅनेजरसाहेबांच्या हाती दे," असे त्यांनी बजावले. वाटेत लिफाफ्याला कोणी हात लावला नाही. बँकेच्या दारातच एक गृहस्थ भेटले, "मीच मॅनेजर" म्हणाले. तुम्ही लिफाफा त्यांच्या हाती दिला आणि घरी परतलात. मोहर तर शाबूत होती. मग काम नीट झाले का? मुळीच नाही! ते गृहस्थ मॅनेजर होते कशावरून?

दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हाही नेमकी हीच चूक होऊ शकते. ती कशी होते आणि कशी टाळायची, हे आज एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

निकालाची रंगीत तालीम

दहावीच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. ठरलेली वेळ होताच लाखो मुले एकाच क्षणी आपला बैठक क्रमांक टाकतात. सर्वांचे गुण ज्या माहितीच्या कोठारात ठेवलेले असतात, त्याला डेटाबेस म्हणतात. तो सांभाळणारा संगणक म्हणजे सर्व्हर. एवढी गर्दी त्याला झेपेल का? हे आधीच पाहायचे, तर नाटकाची करतात तशी रंगीत तालीम करावी लागते.

अशा तालमीसाठी चाचणीची साधने असतात. त्यांपैकी जेमीटर हे बरेच प्रसिद्ध आहे. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या या साधनाची पहिली आवृत्ती १९९८ साली आली आणि ते आजही विनामूल्य मिळते. एकाच संगणकावरून शेकडो विद्यार्थी एकदम प्रश्न विचारत आहेत, असा देखावा ते उभा करते आणि प्रत्येक उत्तराला किती वेळ लागला याची नोंद ठेवते. आपला डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल या प्रकारचा आहे असे धरू. त्याचे मूळ अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या संशोधनात आहे.

जेमीटरला डेटाबेसशी जोडण्यासाठी एक छोटा तक्ता भरावा लागतो. डेटाबेसचा पत्ता, दुभाष्याचे काम करणाऱ्या ड्रायव्हरचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द, एवढे भरले की जोडणी होते. "चाचणीच तर आहे, सुरक्षिततेचे नंतर पाहू," असे म्हणण्याचा मोह येथेच होतो. पण तारेतून जाणारे गुण खऱ्या मुलांचे असले, तर चोराला ती चाचणी आहे की प्रत्यक्ष कारभार, याने काय फरक पडणार?

उघड्यावर ठरणारे गुपित

तारेतून जाणारा मजकूर गुप्त करणाऱ्या आजच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिचे आधीचे रूप एसएसएल. ते आता कालबाह्य झाले असले तरी नाव मात्र चिकटून राहिले आहे. मजकूर गुप्त करायचा तर दोन्ही बाजूंना एकच किल्ली हवी. ती उघड्या तारेवरून कशी ठरवायची? व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली याचे सुंदर उत्तर प्रसिद्ध केले. कागद-पेन्सिल घ्या, आपणही ते करून पाहू.

२३ आणि ५ या दोन संख्या सर्वांना ठाऊक आहेत. जेमीटरने मनात ४ धरले. ५ चा चौथा घात ६२५. त्याला २३ ने भागले की बाकी ४ उरते. ही बाकी त्याने उघडपणे पाठवली. सर्व्हरने मनात ३ धरले. ५ चा तिसरा घात १२५, बाकी १०. ती त्याने पाठवली. आता जेमीटर आलेल्या १० चा चौथा घात करतो: १०,०००, बाकी १८. सर्व्हर आलेल्या ४ चा तिसरा घात करतो: ६४, बाकी १८. दोघांना एकच किल्ली मिळाली, आणि ती तारेवरून गेलीच नाही! प्रत्यक्षात २३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या घेतात, किंवा याच कल्पनेचे वक्ररेषांच्या गणितावर बेतलेले रूप वापरतात. त्यामुळे नुसते ऐकणाऱ्याला मनातली संख्या शोधून काढणे शक्य होत नाही.

मधला माणूस

पण तो नुसता ऐकत न बसता मध्येच उभा राहिला तर? त्याने मनात २ धरले. ५ चा वर्ग २५, बाकी २. जेमीटरला तो म्हणतो, "मी सर्व्हर, घे माझा २." सर्व्हरला म्हणतो, "मी जेमीटर, घे माझा २." जेमीटर २ चा चौथा घात करून १६ ही किल्ली काढतो. मधला माणूस जेमीटरकडून आलेल्या ४ चा वर्ग करतो, त्यालाही १६ मिळतात. पलीकडे सर्व्हरची किल्ली २ चा तिसरा घात, म्हणजे ८. मधला माणूस १० चा वर्ग करतो: १००, बाकी ८. झाले! दोन्ही किल्ल्या त्याच्या हाती आल्या. तो एका कुलपाने मजकूर उघडतो, वाचतो, हवे तर गुण बदलतो आणि दुसऱ्या कुलपात बंद करून पुढे पाठवतो. दोन्ही बाजूंना वाटते, आपले बोलणे अगदी गुप्त आहे.

म्हणून मजकूर गुप्त करणे आणि समोरच्याची ओळख पटवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ओळखीसाठी सर्व्हरजवळ प्रमाणपत्र असते. त्यावर सर्व्हरचे नाव, त्याची जाहीर किल्ली आणि प्रमाणपत्र देणाऱ्या अधिसंस्थेची गणिती सही असते. किल्ली ठरवताना सर्व्हर आपल्या आकड्यावर सही करतो, आणि ती त्याच्या प्रमाणपत्राशी जुळते का हे जेमीटर तपासू शकतो. मधला माणूस आकडा पुढे करील, पण सर्व्हरची सही कोठून आणील?

सहा पर्यायांची निवड

पोस्टग्रेएसक्यूएलच्या जोडणीत एसएसएलमोड नावाची एक अट असते. तिचे पर्याय सहा. 'डिसेबल' म्हणजे कुलूप नको. 'अलाऊ' म्हणजे सर्व्हरने आग्रह धरला तरच कुलूप. 'प्रिफर' म्हणजे मिळाले तर कुलूप, नाही तर उघड्यावर. आपण काहीच लिहिले नाही, तर हाच पर्याय धरला जातो! 'रिक्वायर' म्हणजे कुलूप हवेच. नाव भारदस्त, पण समोर कोण आहे याची चौकशी त्यात नाही. लिफाफ्याची मोहर आठवली ना? 'व्हेरिफाय-सीए' प्रमाणपत्रावरील सही तपासतो. 'व्हेरिफाय-फुल' सहीबरोबरच प्रमाणपत्रातले नाव आणि आपण लिहिलेला पत्ता एकच आहेत का, हेही पाहतो.

तेव्हा जेमीटरच्या तक्त्यात पत्त्याच्या ओळीत सर्व्हरचे नाव, ५४३२ हा दरवाजाचा क्रमांक आणि डेटाबेसचे नाव लिहून झाले, की प्रश्नचिन्ह देऊन त्यापुढे एसएसएलमोड 'व्हेरिफाय-फुल' करावा. शिवाय एसएसएलरूटसर्ट या नावापुढे ज्या अधिसंस्थेवर आपला विश्वास आहे तिच्या प्रमाणपत्राची फाइल कोठे ठेवली आहे ते लिहावे. (प्रत्यक्षात ही सारी अक्षरे रोमन लिपीत लिहितात.)

आणखी एक खबरदारी. जेमीटरच्या तक्त्यात लिहिलेला परवलीचा शब्द चाचणीच्या फाइलीत जशाच्या तसा, वाचता येईल असा साठवला जातो. ती फाइल मित्राला पाठवली की शब्दही गेला! म्हणून तेथे शब्दाऐवजी नुसती खूण ठेवावी आणि खरा शब्द वेगळ्या, सांभाळून ठेवलेल्या फाइलीतून चाचणीच्या वेळी पुरवावा.

कुलूप खरेच लागले का?

आता सांगा, जोडणी झाली, उत्तरे येऊ लागली, एवढ्यावरून ती सुरक्षित ठरते का? नाही. 'प्रिफर' ठेवले असते तरी उत्तरे आलीच असती. म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीजी_स्टॅट_एसएसएल नावाचा तक्ता असतो. आपली जोडणी गुप्त आहे की नाही आणि टीएलएसची कोणती आवृत्ती चालू आहे, हे त्यात दिसते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. विश्वासाच्या फाइलीच्या जागी मुद्दाम भलत्याच अधिसंस्थेचे प्रमाणपत्र ठेवा आणि जोडून पाहा. जोडणी नाकारली गेली, तर पहारेकरी जागा आहे. निमूटपणे जोडली गेली, तर तक्त्यात कोठे तरी चूक आहे.

नवे कुलूप विकत घेताना आपण काय करतो? स्वतःच्या किल्लीने ते उघडते हे पाहून समाधान मानतो. पण चांगला परीक्षक दुसऱ्याची किल्लीही लावून पाहतो. जे उघडायला नको ते उघडत नाही, याची खात्री करणे हाच चाचणीचा निम्मा भाग आहे.

जाता जाता एक प्रश्न. वरच्या उदाहरणात मधल्या माणसाने २ ऐवजी ६ मनात धरले असते, तर त्याच्या हाती कोणत्या दोन किल्ल्या आल्या असत्या? वहीत आकडेमोड करा आणि वर्गात मित्रांशी ताडून पाहा.