सत्तावन्न हजार फोटो, फक्त तीन आण्यांत!

राजा हरिश्चंद्राची गोष्ट आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन्ही भाषांतून सांगितली जाते. आई मराठीतून सांगते, अज्जी कन्नडमधून. चित्रपटवाल्यांनाही ही गोष्ट फार आवडली. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा आपल्या देशातला पहिला कथापट मानला जातो. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३२ साली पहिला मराठी बोलपट काढला, तो ‘अयोध्येचा राजा’. त्यातही हरिश्चंद्रच. पुढे १९६५ साली डॉ. राजकुमार यांनी कन्नडमध्ये ‘सत्य हरिश्चंद्र’ गाजवला. एकच कथा पुन्हा पुन्हा का? भक्तिभाव आहेच, पण त्यात व्यवहारही आहे. जी कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, तिची निम्मी जाहिरात न करताच झालेली असते.

हा विषय निघाला तो आमच्याच घरात. लग्न होऊन मी बेळगावहून डभोईला आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. भाऊ तिकडेच आहे आणि त्याच्या मुलाला चित्रपट काढायचा आहे. ‘आत्या, स्टोरी एकदम घरगुती आहे. बाप मराठी, आई कन्नड आणि भावाभावांत घराची वाटणी,’ असं तो फोनवर सांगत होता. कॅमेऱ्याचं भाडं, कलाकार, एडिटिंग, सगळा हिशेब त्याने मांडला होता. पैसा मात्र उभा राहणार होता तो भावाच्या वाट्याची जमीन विकून. मी एकच विचारलं, ‘पिक्चर तयार झाला हे लोकांना कळवायला किती बाजूला ठेवलेत?’ तो म्हणाला, ‘चांगला असला की लोक येतातच की!’

लोक आपणहून येतातच असं नाही. हा धडा खुद्द फाळक्यांना मिळाला तो आमच्या शेजारच्या बडोद्यात. डभोई हे जुन्या बडोदे संस्थानातलंच गाव, बडोदा इथून जेमतेम तीस किलोमीटर. तिथल्या कलाभवनात फाळके चित्रकला शिकले आणि फोटोग्राफीच्याही नादी लागले. पुढे बडोद्यात त्यांनी फोटोचा धंदा थाटला, तर तो चालेना. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होतं, अशी समजूत गावात पसरली होती, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. कला हातात होती, पण गिऱ्हाइकाच्या मनातली भीती काढल्याशिवाय तिचा उपयोग नव्हता.

चित्रपट काढायची वेळ आली तेव्हा फाळक्यांनी हा धडा लक्षात ठेवला असावा. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर पैसे द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तो रोज थोडा थोडा टिपला आणि अंकुराचा वेल होताना पडद्यावर दाखवला. ते पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला. आज ज्याला टीझर म्हणतात, तो हाच. तरीही पैसे पुरले नाहीत. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. त्या माउलीने नुसते दागिनेच दिले नाहीत, तर कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक केला आणि फिल्म धुण्यासारखी कामंही शिकून घेतली.

कलाकार मिळवायलाही फाळक्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. अर्जांची इतकी गर्दी झाली, की ‘कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये’ अशी पुस्ती पुढे जोडावी लागली. बायका मिळाल्याच नाहीत, म्हणून तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष नट. चित्रपट तयार झाल्यावर २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खास खेळ लावला. जाणत्या मंडळींकडून चर्चा सुरू झाली आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट सर्वांसाठी लागला. सोबत नाच आणि कसरतीचे खेळही ठेवले होते.

मुंबईबाहेर मात्र अडचण आली. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायची सवय असलेला माणूस थोड्या वेळाच्या खेळाला तीन आणे का देईल? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, अशी हकीकत आहे: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचा चित्रपट, फक्त तीन आण्यांत! प्रेक्षक तासांचा हिशेब करत होता, फाळक्यांनी त्याला फोटोंचा हिशेब दिला.

या जाहिरातीचा मी जरा हिशेब करून पाहिला. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते. एका फुटात सोळा चित्रं बसतात, म्हणजे ती झाली ५९,२००. सत्तावन्न हजारांचा दावा अगदी प्रामाणिक! पण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. दोन मैल ही जाहिरातवाल्याची फुशारकी. तीन आणे दिलेल्या माणसाने काही फूट मोजले नसतील, पण पडद्यावर हरिश्चंद्र त्याला खरोखरच दिसला.

जाहिरातीला कलेचं रूप दिलं ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिकाही त्यांनी काढल्या. याच कोल्हापुरात छत्रपती स्टुडिओत पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ तयार झाला आणि ३ मार्च १९३४ रोजी बंगळूरमध्ये लागला. त्यातले सुब्बय्या नायडू आणि आर. नागेंद्रराव रंगभूमीवरून लोकांच्या ओळखीचे होते. पुराणातली माहितीची कथा आणि ओळखीचे चेहरे, इथेही तीच युक्ती.

पण नवी कथा आणि नवे चेहरे असले तर? ‘श्वास’ आठवा. मित्रमंडळींनी पैसे जमवून काढलेला, आजोबा आणि नातवाचा साधा चित्रपट. २००४ साली त्याला सुवर्णकमळ मिळालं, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी. मग देशाकडून तो ऑस्करला गेला, तेव्हा अमेरिकेत प्रचार करायला पैसे नव्हते. त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. चित्रपट बनवण्याचा खर्च एक आणि तो दाखवण्याचा खर्च दुसरा, हे तेव्हा महाराष्ट्राला कळलं.

आज तर वेळही थोडाच मिळतो. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, पोस्टर, ट्रेलर, गाणी, वितरक, थिएटरची वेळ, एवढं सगळं जुळल्यावर शुक्रवारी चित्रपट लागतो. शनिवारी-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर पुढच्या आठवड्यात खेळ कमी होतात किंवा अडचणीच्या वेळेला ढकलले जातात. मल्टिप्लेक्समध्ये निर्मात्याच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यात जास्त असतो आणि पुढे घटत जातो. म्हणजे हळूहळू लोकांच्या तोंडून कळेल, असं म्हणत बसायला सवड नाही.

भाच्याला मी नाही म्हटलं नाही. सांगितलं एवढंच, की जमीन विकण्याआधी दहा मिनिटांचा तुकडा कर आणि तो बेळगावात मराठी घरात दाखव, कन्नड घरातही दाखव. आधी तुझा वाटाणा उगवू दे. लोक ‘पुढे काय झालं?’ असं विचारू लागले, तर पैशाचं बघू. आणि जो पैसा उभा राहील, त्यातला एक वाटा पोस्टर-जाहिरातीसाठी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेव, त्याला शूटिंगमध्ये हात लावायचा नाही. भावाला हे पटलं. भाचा थोडा रुसला आहे, पण तुकडा लिहायला बसला आहे.

वाचकहो, आपलंही एक काम आहे. आपल्या भाषेतला, मग ती मराठी असो वा कन्नड, एखादा बरा घरगुती चित्रपट लागला, तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणू नका. पुढच्या आठवड्यात तो बहुधा नसतो.