इंधन बदललं, भट्टीचं काय? (भाग ६)

ऑस्ट्रियात घराच्या उबेसाठी लाकडी पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्यांचा बॉयलर बसवतात, तेव्हा पेलेटसाठीच घडवलेली भट्टी घरात येते आणि पेलेटलाही मानक लागू असतं. युरोपातल्या उत्तम प्रतीच्या पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्याहून जास्त चालत नाही. रायगडातल्या नावड्यात घर तापवायची गरज कुणालाच नाही. पण शेजारच्या तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या रसायन, औषध आणि मासळी प्रक्रिया कारखान्यांना वाफ लागते. ती कोळसा किंवा फर्नेस ऑइलऐवजी शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या ब्रिकेटवर, म्हणजे धंद्याच्या भाषेतल्या ‘पांढऱ्या कोळशा’वर काढणं हा चांगला बदल आहे. मात्र भट्टी आणि धूर गाळायची यंत्रणा जुनीच राहिली, तर त्याची किंमत नावडेकरांची फुप्फुसं मोजतील.

याचं कारण जळण्याच्या रीतीत आहे. ब्रिकेट ज्यांपासून बनतात त्या भुसा, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), शेंगांची टरफलं यांचा बहुतेक भाग, साधारण ६५ ते ७५ टक्के, तापताच वायू होऊन वर उठतो. कोळशात हे प्रमाण बरंच कमी. तो मुख्यतः जाळीवर बसून जळतो. म्हणून कोळशाच्या भट्टीत हवा खालून दिली की भागतं, पण ब्रिकेटला वरच्या पोकळीतही हवा हवी आणि वायू पूर्ण जळेपर्यंत जागा हवी. ती नसेल तर अर्धवट जळलेले वायू काजळी होऊन धुराड्याबाहेर पडतात. राखेचंही तसंच. भाताच्या तुसात १५ ते २० टक्के राख असते, म्हणजे दहा टन तूस जाळलं की दीड-दोन टन राख. त्यातली हलकी राख धुराबरोबर उडते. धूर गोल फिरवून धूळ वेगळी करणारा साधा सायक्लोन जाड कण अडवतो. फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण अडवायला कापडी पिशव्यांतून धूर गाळणारा बॅग फिल्टर लागतो. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, तेव्हा हे कण वस्तीवरच रेंगाळतात.

यावर कुणी म्हणेल, कोळशाचा आणि तेलाचा धूर काय चांगला होता? नव्हताच. फर्नेस ऑइलमध्ये तीन-चार टक्क्यांपर्यंत गंधक असू शकतं; ब्रिकेटमध्ये ते नगण्य. विदर्भात शेतात पेटवली जाणारी पऱ्हाटी कारखान्याने विकत घेतली, तर शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडतात आणि तिच्यात दडणारी गुलाबी बोंडअळीही हटते. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. पण एक टन फर्नेस ऑइलची उष्णता मिळवायला अडीच टनांहून जास्त ब्रिकेट जाळावे लागतात आणि ते सहाशे-सातशे किलोमीटरवरून ट्रकने आणले, तर डिझेलचा धूर हिशेबात धरावाच लागतो. रायगडातल्या गिरण्यांचं तूस जवळचं, पण राख सर्वाधिक त्याचीच. शिवाय कोकणातल्या पावसात उघड्यावर ठेवलेले ब्रिकेट ओल धरून फुटतात आणि ओलं इंधन आणखी धुरतं; पक्क्या छपराची गोदामं हा बॉयलरच्या खर्चाचाच भाग समजावा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. बॅग फिल्टर महाग, तो चालवायला वीज लागते, पिशव्या बदलाव्या लागतात. खरं आहे. पण तेल सोडून ब्रिकेटकडे वळण्यामागे इंधनाच्या खर्चातली बचत हे मोठं कारण असतं. त्या बचतीतून आधी फिल्टरचा खर्च निघावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. मात्र आज नळाच्या गॅसवर चालणारा बॉयलर ब्रिकेटवर नेणं मला मान्य नाही. गॅसच्या ज्वाळेत राख नसते. कार्बनचा हिशेब जगाच्या पातळीवर सुधारेलही, पण नावड्याच्या हवेत आज नसलेली धूळ त्यातून नव्याने येईल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमती देताना म्हणूनच इंधनाच्या नावावर थांबू नये. भट्टीची रचना, फिल्टर आणि गोदाम तपासावं आणि धुराड्यातली धूळ बॉयलर पेटवतानाच्या पहिल्या तासातही मोजावी, कारण गार भट्टीत ज्वलन अपुरं राहतं आणि धूर सर्वात दाट तेव्हाच असतो.