लाइट गेली की कॅनिस्टरकडे बघा

शहापूर-मुरबाडकडच्या मासे पाळणाऱ्या मित्रांनो, पावसाळ्यात आपल्याकडे लाइट तासन्‌तास जाते. मासे दम धरतात. पण बंद पडलेल्या कॅनिस्टर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू ऑक्सिजनवाचून मरू लागतात. माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात ते हेच. म्हणून लाइट बराच वेळ गेली असेल, तर फिल्टर तसाच सुरू करू नका, आतलं कुबट पाणी थेट टाकीत येतं. प्लग काढा, डबा उघडा, ते पाणी झाडांना घाला.

स्पंज आणि सिरॅमिक रिंगा टाकीतल्याच बादलीभर पाण्यात खळबळून घ्या. नळाखाली नको, क्लोरीन जिवाणूंना मारतं. भातसा, तानसा धरणं आपल्या शहापूर तालुक्यात, पण पाणी जातं मुंबईला; आपली भिस्त विहिरीवर! विहिरीचं पाणी चालतं, मात्र ग्रामपंचायतीने नुकतंच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं असेल तर तेही टाळा. सगळं एकदमच चकाचक करू नका, या खेपेला स्पंज, पुढच्या खेपेला रिंगा.

प्रवाह मंदावला की इम्पेलर काढून जुन्या टूथब्रशने घासा, बुळबुळीत गाळ तिथेच साचतो. झाकणाच्या रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, रबर फुगतं आणि फरशीवर तळं होतं. (अनुभव आहे.)