सीतेच्या आसवांचं कोडं

साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे फुलतात. जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत नायट्रोजन, फॉस्फरस जेमतेम असतं, म्हणून ही वीतभर वनस्पती सूक्ष्मजीव खाते. तिच्या मातीत दडलेल्या भागावर मोहरीहूनही लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, त्यामुळे आतला दाब घटतो. दाराशी जीवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. पाण्यात वाढणाऱ्या तिच्या भाऊबंदांमध्ये तर हे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतं.

उत्तर मिळालं की नवल संपतं, असं अनेकांना वाटतं. इतिहास उलट सांगतो. १८७५ मध्ये डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा जीव स्वतःच दार ढकलून आत शिरतात, असा त्याचा समज होता. पुढे शोषणाचा उलगडा झाला आणि त्यातूनच नवा प्रश्न निघाला: शिकार नसतानाही काही पिशव्या अधूनमधून आपोआप का उघडतात? वनस्पतीला त्याचा फायदा होतो की ती यंत्रणेची मर्यादा आहे, यावर अजून एकमत नाही. एवढ्याशा पिशवीची उठाठेव कशाला, असंही कुणी विचारेल. कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी एका बेफिकीर पावलाखाली अशी कितीतरी रोपं चिरडली जातात. पायाखाली काय चाललं आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो पाऊल जपून टाकतो. म्हणून हे कुतूहल मुलांमध्ये शाळेतच रुजवायला हवं.